हिला साखर लागते

दोरोतेआला कुणी "फारच छान" म्हटलं की हल्ली तिला ते शिवीसारखं लागायचं.

कारण वाल्देरुबियात असं कुणी म्हणतच नाही. स्पेनमधल्या एब्रो नदीच्या काठचं हे गाव, माणसं मनाने चांगली पण तोंडाने फटकळ. समोर कितीही उत्तम वाइन येऊ दे, इथला माणूस एक घोट घेतो, जरा वेळ दाराबाहेर बघतो, खांदे उडवतो आणि म्हणतो, "पिता येते." संपलं. याच्या वर कौतुक नाही. ज्याच्या वाइनला गावाने 'पिता येते' म्हटलं तो गडी घरी जाताना शीळ घालत जातो. आणि दोरोतेआचा नवरा इरेनेओ गेल्यापासून तिच्या वाट्याला जिकडे तिकडे नुसतं 'फारच छान'. राजमा खाली लागला तरी फारच छान. सारागोसा शहरात लेकीकडे जाऊन केस कापून आली आणि पिसं उपटलेल्या कोंबडीसारखी दिसायला लागली, तरी फारच छान. साठीला टेकलेली बाई, जन्म या गावात गेलेला, बोचऱ्या बोलांवर वाढलेली. टोमणे बंद झाले तेव्हा तिला खरं कळलं की आपण विधवा झालो.

एवढंही चाललं असतं. पण मागच्या ऑक्टोबरात तिने वाइन केली. एकटीने! सगळे सांगत होते, "अगं, द्राक्षं सहकारी वाइनरीला देऊन मोकळी हो." पण ऐकेल तर ती दोरो कसली. इरेनेओ असताना ती द्राक्षं तोडायची, टाक्या घासायची, गड्यांना जेवण पोचवायची. पण द्राक्षं कधी तुडवायची, आंबणाऱ्या रसातून सालं कधी काढायची, कुठे थांबायचं, हे सगळं त्याच्या हातात. तो कुणाला समजावून सांगायचा नाही, बायकोलासुद्धा नाही. टाकीवर वाकून हुंगायचा आणि ठरवायचा. मग तिनेही तेच केलं. हुंगलं आणि ठरवलं. हिवाळा सरला, वाइन निवळली, आणि ज्याला ज्याला तिने टेकडीत कोरलेल्या आपल्या तळघरात नेऊन पेला भरून दिला, त्याने त्याने पेला रिकामा केला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "फारच छान, दोरो." शेवटच्या माणसाला निरोप देऊन तिने दाराला आतून कडी घातली आणि टाकीला टेकून पोटभर रडली. आपली वाइन कशी झालीय हे खरं सांगणारं एक माणूस अख्ख्या गावात उरलं नव्हतं. तिला स्वतःला म्हणाल तर काहीच कळत नव्हतं. सारखं सारखं चाखून जीभ मुकी झाली होती.

आणि कळायला तर हवंच होतं. कारण बाउदिलिओ उत्तराची वाट बघत होता.

बाउदिलिओची बाग तिच्या बागेला लागून. मध्ये फक्त एक दगडी बांध. तीच तांबडी माती, दोन्हीकडे गार्नाचा जातीच्या द्राक्षाची तीच म्हातारी वाकडी झाडं, दोघांच्या आज्यांनी बहुधा एकाच हंगामात लावलेली. माणूस वाईट नव्हता. फक्त वाइनमधलं आपल्याला जितकं कळतं तितकं देवाच्या खालोखाल कुणाला कळत नाही अशी त्याची समजूत होती, आणि देवाबद्दलही त्याची खात्री नव्हती. जुलै संपता संपता तो बांधावर येऊन बसला.

"हे बघ दोरो, तुझ्या भल्याचं सांगतो. बाग मला दे. भाव तू म्हणशील तो. यंदाची तोडणी मी बघतो, तू सारागोसाला लेकीकडे जा. लिफ्ट आहे, घरात गार हवा आहे, नातवंडं आहेत. इरेनेओ माझा मित्र होता म्हणून बोलतोय, नाहीतर मला काय पडलंय?"

"आणि मी केलेली वाइन?"

"वाइन फारच छान झालीय," बाउदिलिओ म्हणाला आणि बांधावरच्या मुंग्या बघायला लागला.

दोरोने सान रोके या संताच्या जत्रेपर्यंतची मुदत मागून घेतली. मनाशी तिचा हिशेब साधा होता. वाइन खरोखरच वाइन झाली असेल तर बाग ठेवायची. नसेल तर देऊन टाकायची आणि लिफ्टने खाली-वर करत बसायचं. लोकांनी दयेपोटी गिळलेली वाइन जन्मभर करत राहायची तिची तयारी नव्हती. प्रश्न एवढाच होता की खरं काढायचं कुणाच्या तोंडून?

सान रोकेची जत्रा ऑगस्टच्या मध्याला. जत्रेत गावातलं प्रत्येक मंडळ आपल्या खोलीचं दार सताड उघडं ठेवतं आणि आत मोठ्या पातेल्यात सुर्राकापोते तयार असतं. बाहेरचं जग ज्याला सांग्रिया म्हणून ओळखतं, तिची ही खेड्यातच राहिलेली थोरली बहीण. तांबडी वाइन, साखर, दालचिनी, लिंबाची साल, पिकलेली पीच, आणि मग काही दिवस झाकून ठेवायचं. वर छोटी कागदी छत्री खोचायची वगैरे समुद्राकाठची थेरं इथे नाहीत. दारात येईल त्याला पेला भरून द्यायचा, नाव-गाव विचारायचं नाही. ज्याच्याशी कोर्टात केस चालू आहे तो आला तरी द्यायचा.

दोरोचं मंडळ म्हणजे 'तहानलेले'. शाळेत असताना काढलेलं, आता निम्मे मेंबर गुडघ्याला पट्टा बांधून येतात. मुक्काम खेचरांच्या एका जुन्या तबेल्यात. आणि पातेल्यात कुणाची वाइन घालायची हे ठरवण्याची या तहानलेल्यांची रीत जगावेगळी. ज्यांना बाग आहे त्यांनी आपापली एक बाटली आणायची. वाइन गेल्या तोडणीची, लाकडी पिंपात न ठेवलेली, कारण लाकडाचा वास आणि दालचिनी एकत्र आली की काढा होतो. पडद्यामागे त्या बाटल्या सुरयांत ओतायच्या, सुरयांच्या गळ्यात वेगवेगळ्या रंगांच्या फिती बांधायच्या, आणि मग सगळ्यांनी चाखून एक निवडायची.

आता सरळ माणसाला वाटेल, निवड झाली म्हणजे मान मिळाला. छे! इथे सगळं उलटं. निवडीचे शब्द ठरलेले आहेत: "हिला साखर लागते." म्हणजे ही बापडी आपल्या पायावर उभी राहत नाही, हिला फळांचा टेकू द्या. ज्याची वाइन निवडली गेली त्याने ती मंडळाला द्यायची, पातेलं स्वतः ढवळायचं आणि पुढची जत्रा येईपर्यंत गावभर 'साखऱ्या' म्हणवून घ्यायचं. त्यामुळे चाखताना आपली वाइन ओळखू आली की तिला वाचवायला जिवाचं रान करायचं, तिची अशी काही तारीफ करायची की साखर घालायला कुणाचा हात धजावू नये. वाल्देरुबियात वर्षातून एकदाच वाइनचं मोठ्याने कौतुक ऐकू येतं ते या दिवशी, आणि ते ज्याचं तो स्वतःचंच करत असतो.

बाउदिलिओ आजवर कधी साखऱ्या झाला नव्हता. इरेनेओ झाला होता, हसत हसत. आर्सेनिओ मास्तर तर इतक्यांदा झाले होते की त्यांच्या गल्लीत पोस्टमनही त्यांना त्याच नावाने ओळखायचा.

जत्रेच्या काही दिवस आधी, निवडीच्या दिवशी दुपारी दोरो बाटली घेऊन तबेल्यात आली. बाटली म्हणजे सोड्याची जुनी, तारेच्या बुचाची. दारातच बाउदिलिओची बायको दोमितिला भेटली. दोमीची जीभ गावात सगळ्यात धारदार. तिच्या बोलण्याने एकदा बिशपसुद्धा लाल झाला होता म्हणतात.

"ये गं दोरो. किती छान दिसतेस."

"दोमी, तू पण?" दोरो म्हणाली.

"मी काय?"

"काही नाही." दोरोने बाटली सेलेच्या हातात दिली. सेले पूर्वी एसटी चालवायचा... म्हणजे आपल्याकडची लाल एसटी डोळ्यांपुढे आणू नका, तिथली निळी सरकारी बस. त्याच्याकडे बाग नाही आणि कुणाशी नातंही नाही, म्हणून पडद्यामागचं काम त्याचं. त्याने बाटली घेतली आणि आत गेला. बाउदिलिओची बाटली आधीच आली होती, सोनेरी लेबलाची. मास्तरांची होती. पास्कुआल खाटकाची होती. एकूण चार.

सेले ओतेपर्यंत वेळ जावा म्हणून आर्सेनिओ मास्तर दर वर्षी सुर्राकापोतेचा इतिहास सांगतात. कुणी सांगा म्हणत नाही.

"रोमन लोकांची वाइन," मास्तरांनी घसा साफ केला, "गाड्यांतून जाता जाता वाटेतच आंबायची—"

"आले रोमन!" पास्कुआल ओरडला. "दार लावून घ्या!"

"—म्हणून ते तीत मध घालत, पाणी घालत, मसाले घालत. पुढे राजेरजवाडे आलं-दालचिनी घालून गरम प्यायला लागले आणि वैद्य तेच औषध म्हणून द्यायला लागले. मग इंग्रज."

"इंग्रजांचं इथं काय काम?" दोमीने विचारलं.

"त्यांच्या त्या उसाच्या बेटांवर तेही असंच काहीतरी ढवळून पीत. सँगारी म्हणायचे तिला. आता आपला शब्द त्यांनी उचलला की त्यांचा आपण, यावर पंडितांची भांडणं चालू आहेत."

"पंडितांना म्हणावं, एक घोट घ्या आणि गप बसा."

"आणि मग ते न्यूयॉर्कचं प्रदर्शन! साठच्या दशकातलं. आपल्या लोकांनी तिथं बर्फ घालून सांग्रियाचे पेले वाटले, आणि अमेरिकेची खात्री पटली की स्पेनमध्ये नळाला हेच येतं."

"तात्पर्य सांगा मास्तर, तात्पर्य."

"तात्पर्य एवढंच की आजवरच्या इतिहासात शहाण्या माणसाने चांगल्या वाइनमध्ये साखर घातलेली नाही."

"साफ चूक," पडद्यामागून सेलेचा आवाज आला. "वाईट घातली की काय होतं ते तुमच्या वर्षी बघितलं सगळ्यांनी. आंबलेली वाइन साखरेत जास्तच बोंबलते. पातेल्यासाठी हवी ताजी, फळाच्या वासाची, फार तुरट नसलेली. साधी हवी. वाईट नको."

 सेले चार सुरया घेऊन बाहेर आला: हिरवी फीत, पिवळी, तांबडी आणि निळी. बाटल्या पडद्यामागेच राहिल्या. पेले भरले गेले.

हिरवीला काही त्रास पडला नाही. जीभ अशी आखडली की सगळ्यांनी एकदमच पास्कुआलकडे बघितलं, आणि पास्कुआल लगेच सुरू झाला, "वा, काय ताकद आहे! ही वाइन नाही, हा बैल आहे, बैल! बैलाला साखर घालतात का?" नाही घालत, असं सर्वानुमते ठरलं. पिवळी मास्तरांची. मास्तर यंदा सुधारले होते. निदान आंबले नव्हते. त्यांनी आपल्या वाइनवर छोटं व्याख्यान दिलं आणि लोकांनी दमून तिलाही सोडून दिलं.

राहिल्या दोन. दोरोने तांबड्या फितीची चाखली, निळ्या फितीची चाखली. काही कळेना! दोन्ही एकाच रंगाच्या, दोन्ही ओळखीच्या. एका बांधाच्या अलीकडची आणि पलीकडची. तिचं काळीज इतकं धडधडत होतं की तोंडात दगडी कोळसा घातला असता तरी तिला तो गोड की कडू सांगता आलं नसतं.

तेवढ्यात बाउदिलिओने तांबड्या फितीच्या सुरईतला पेला उंच धरला.

"थांबा," तो म्हणाला. "कुणी बोलू नका."

त्याने पेला उजेडात धरला. हुंगला. घोट घेतला, गालात फिरवला, गिळला, आणि डोळे मिटून उभा राहिला. दोमीने एक जांभई दिली.

"हिच्यात साखर?" बाउदिलिओ हळूच म्हणाला, आणि मग आवाज चढला. "हिच्यात साखर घालणाऱ्याला मी खेचराच्या जागी या तबेल्यात बांधीन! अरे, जुनी झाडं बोलतायत या पेल्यात. चेरी आहे, टेकडीवरच्या रानझुडपांचा वास आहे, आणि शेवट बघा, शेवट! घाई नाही, लाडीगोडी नाही. आली, बोलली, आणि जिथे थांबायचं तिथे थांबली. कुठं थांबायचं हे ज्याला कळलं त्याला सगळं कळलं. हे थांबणं शिकायला माणसाचा जन्म जातो. नाव मी घेत नाही. माझ्या तोंडून ते शोभणार नाही. पण एवढं सांगतो, या गावात गेल्या कित्येक वर्षांत अशी वाइन झालेली नाही. हिला साखर नाही लागत. हिला कोवळ्या कोकराच्या बरगड्या लागतात, द्राक्षाच्या काटक्यांवर भाजलेल्या, आणि जेवताना गप्प बसणारी बायको."

"ती काही तुला मिळत नाही," दोमी म्हणाली.

हशा पिकला. वाइन कुणाची ते सांगायची गरजच नव्हती. लोकांनी पुन्हा चाखली आणि खरंच, या वेळी बाउदिलिओला नावं ठेवायला जागा सापडेना. पास्कुआलने तर चिडून दुसरा पेला भरून घेतला.

मग निळ्या फितीची. बाउदिलिओने घोट घेतला, आणि त्याचा चेहराच बदलला. आवाज एकदम मऊ झाला, आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तसा. दोरोकडे न बघण्याची त्याने इतकी काळजी घेतली की सगळे दोरोकडे बघायला लागले.

"ही..." तो म्हणाला. "हिच्यात वाईट असं काही नाही. मन लावून केलीय, कष्ट दिसतात. पण मध्ये कुठेतरी करणाऱ्याचा हात भीतीने कापलाय. सालं जरा जास्त राहिलीत, धीर झालेला नाही. आता यात लाजण्यासारखं काय आहे? काहीच नाही. नवख्या माणसाकडून एवढं झालं हेच खूप. कुणाची ते मी म्हणत नाही." त्याने पेला हळूच खाली ठेवला. "पण हिला साखर लागते."

तबेल्यात सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. 

दोरोला हवं होतं ते मिळालं होतं. अखेर कुणीतरी खरं बोललं होतं, 'फारच छान' म्हटलं नव्हतं. फक्त खरं ऐकून असं होईल याची तिला कल्पना नव्हती. हात कापलाय, म्हणे. धीर झालेला नाही. आणि कापलाच होता की हात! धीर होताच कुठे? तिला इरेनेओची इतकी आठवण आली की क्षणभर त्याचा रागही आला. एवढी वर्षं शेजारी उभी होते, तोंड उघडून एक शब्द सांगितला असतास तर काय झिजला असतास? बाग गेली, ती मनात म्हणाली. उद्या बाउदिलिओला सांगून टाकायचं. सारागोसाला गार हवा आहे.

पण रडायचं नाही. आपल्यासाठी लोक बुटांकडे बघतायत हे तिला रडण्याहून वाईट वाटलं. म्हणून सगळ्यांच्या आधी तिनेच हात वर केला.

"निळी," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "बाउदिलिओ बरोबर बोलतोय. हिला साखर लागते."

मग एकेक हात वर गेला. सगळे हात निळ्या फितीला. ठरलं.

"सेले," मास्तर म्हणाले, "पडदा."

सेले पडद्याजवळ उभा होता आणि त्याचा चेहरा विचित्र झाला होता. आधी वाटलं त्याला ठसका लागलाय. मग वाटलं छातीत दुखतंय की काय. त्याने पडदा ओढला. मागच्या फळीवर चार बाटल्या ओळीने ठेवलेल्या, आणि ज्या बाटलीतली वाइन ज्या सुरईत गेली त्या सुरईच्या फितीचा दुसरा तुकडा त्या बाटलीच्या गळ्यात.

निळी फीत होती सोनेरी लेबलाच्या बाटलीला. तांबडी फीत होती सोड्याच्या जुन्या बाटलीला, तारेच्या बुचाखाली.

सगळ्यांनी आधी बाटल्यांकडे बघितलं, मग बाउदिलिओकडे. मग दोमी हसली. साधं हसणं नव्हे ते. ती हसता हसता खेचरांच्या गव्हाणीवर बसली, तिथून घसरली, आणि खाली बसूनही हसत राहिली.

"हात कापलाय!" ती ओरडली. "नवखा माणूस! अरे देवा, मला पाणी द्या कुणीतरी!"

"सेलेने फिती बदलल्यात," बाउदिलिओ म्हणाला. त्याचे कान पेल्यातल्या वाइनच्या रंगाचे झाले होते.

"बदलल्या असतील तर बाटलीतूनच पी की," सेले म्हणाला.

बाउदिलिओ तरातरा फळीपाशी गेला. सोनेरी लेबलाच्या बाटलीच्या तळाशी थोडी उरली होती, ती त्याने तोंडाला लावली. मग सोड्याची बाटली लावली. मग पुन्हा पहिली. सगळं लोकांकडे पाठ करून.

"रोज पितोस ना रे तू तुझी वाइन?" दोमी खालूनच म्हणाली. "दुपारी पितोस, रात्री पितोस. आणि ओळखू आली नाही? अंधारात मी हाक मारली तर माझा आवाज तरी ओळखशील का?"

"तो तर अख्खं गाव ओळखतं," बाउदिलिओ म्हणाला. मग तो वळला. लोक वाट बघत होते, आता हा भांडणार, सुरया फोडणार, मंडळ सोडणार. त्याने बाह्या वर केल्या. "साखर कुठे ठेवलीय?"

एकच जल्लोष झाला. 'साखऱ्या, साखऱ्या' करत पास्कुआलने टेबल बडवलं. आर्सेनिओ मास्तरांनी पदावरून मुक्त झालेल्या माणसासारखा बाउदिलिओशी हात मिळवला. आणि दोमी उठली, तांबड्या फितीच्या सुरईतला एक घोट घेतला, दाराबाहेर बघितलं, खांदे उडवले.

"पिता येते," ती म्हणाली. आणि लगेच, "पण बाटली धुतली होतीस का गं मेले? नुसता सोड्याचा वास येतोय. एवढ्या वाइनला एवढीच बाटली मिळाली? लाज नाही वाटत?"

दोरोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "नाही वाटत," ती म्हणाली, आणि मग तीही हसायला लागली आणि तिला थांबताच येईना. तिला आनंद झाला होता, उघडा-नागडा आनंद, शाळकरी पोरीला व्हावा तसा. कुणी दया करून दिलेला नव्हता तो. बाउदिलिओने ती तारीफ स्वतःसाठी शिवून घेतली होती आणि ती नेमकी तिच्या अंगाला बसली होती. आता परत मागून घेणार कशी?

संध्याकाळी माणसं पांगली. पातेल्याचं काम साखऱ्याचं, आणि त्याच्या मदतीला कुणीतरी एक लागतं, लिंबं सोलायला. दोमी म्हणाली माझं पोट दुखतंय हसून. म्हणून दोरो थांबली.

शेगडीवर पाणी, साखर आणि दालचिनी उकळत होती. तबेला गोड वासाने भरला होता. दोरो स्टुलावर बसून लिंबाची साल काढत होती, फक्त पिवळी, पांढरं लागू न देता, नाहीतर पातेलं कडू होतं. बाउदिलिओ लाकडी पळीने ढवळत होता. 

"वाईट नाहीये तुझी," दोरो म्हणाली. "वाईट वाइन पातेल्यात चालत नाही. सेले म्हणालाच की."

"मला समजूत नको घालूस," बाउदिलिओ म्हणाला. "ढवळतोय ना मी?"

"बरं."

त्याने आणखी थोडं ढवळलं. मग पातेल्याकडेच बघत विचारलं, "दोरो, सालं केव्हा काढलीस?"

तिने मान वर केली. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. एखादी गोष्ट न येणारा माणूस ती येणाऱ्याला विचारतो तसं तो विचारत होता. बाउदिलिओने आजवर वाइनबद्दल कुणाला काही विचारलेलं तिने ऐकलं नव्हतं. क्षणभर तिला वाटलं, मारावी एक थाप, इरेनेओसारखं नाकाला बोट लावावं आणि गूढ हसावं. पण तिला ते जमेना.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"सांगायचं नसेल तर नको सांगूस."

"अरे बाबा, खरंच माहीत नाही! घाबरले होते मी. रोज सकाळी जायचं, टाकीवर वाकायचं, हुंगायचं, वाटायचं आज काढावं. आणि धीर व्हायचा नाही म्हणून उद्यावर ढकलायचं. एक दिवस तो धो धो पाऊस आला बघ, तळघरात दारातून पाणी शिरलं, माझे बूट भिजले, मी इतकी चिडले की त्या चिडीत सालं मागे ठेवून सगळी वाइन उपसून दुसऱ्या टाकीत टाकली आणि घरी येऊन झोपले. कुठला वार होता तेही आठवत नाही."

बाउदिलिओची पळी थांबली. "म्हणजे ते थांबणं... जिथे थांबायचं तिथे थांबली ते..."

"कसलं थांबणं! बूट भिजले होते."

 मग त्याच्या पोटातून काहीतरी वर आलं आणि तो हसला, दुपारी सगळं गाव हसत होतं तेव्हा हसायचं राहून गेलेलं सगळं एकदम. डोळे पुसून त्याने पुन्हा पळी धरली.

"मग यंदा कसं करणार तू?" त्याने विचारलं.

विचारून झाल्यावर त्याच्याच ध्यानात आलं आपण काय विचारलं ते. दोरोच्याही आलं. तिने लिंबू आणि चाकू मांडीवर ठेवला.

"तेच तर बघायचंय," ती म्हणाली. "ही मी केली की पावसाने केली, ते परत करून बघितल्याशिवाय कळायचं नाही. म्हणून बाग काही तुला देता येत नाही, बाउदिलिओ."

"आणि बिघडली तर?"

"बिघडली तर माझी बिघडेल. पण मग तू येऊन मला तोंडावर सांगायचं. खांद्यावर हात ठेवून नाही. आज त्या निळीला बोललास तसं सांगायचं, पण मऊ आवाज न काढता. सांगशील?"

"सांगेन," बाउदिलिओ म्हणाला. "चौकात उभा राहून सांगेन. सोडणार नाही तुला."

दोरोला हायसं वाटलं. इरेनेओ गेल्यानंतर पहिल्यांदाच तिला ऑक्टोबरची घाई झाली.